डॉक्टर टिपणिसांची तालीम

आधीच सांगून टाकते, हा माणूस मला कधी आवडला नाही. त्यांच्या दवाखान्यात मी कितीतरी वर्षं पेशंटांची रक्तं काढली, पगार वेळेवर मिळाला, कामही त्यांच्याकडेच शिकले. पण आजही कुणी "तुमचे टिपणीस डॉक्टर" म्हणालं की माझं डोकं फिरतं. माझे कसले? ते कुणाचेच नव्हते.

भिवंडीत रक्ताचा डॉक्टर म्हणजे रक्त तपासणारा, एवढंच लोकांना ठाऊक. रक्तालाच आजार होतात आणि त्याचा वेगळा स्पेशालिस्ट असतो, हे कुणाच्या गावी नव्हतं. टिपणीस ते समजावायच्या भानगडीत पडत नसत. समोर माणूस आला की न विचारता अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढायची आणि आतला रंग बघायचा. पेशंटची ओढली तर ठीक आहे हो, पण हे भाजीवालीची ओढायचे, रिक्षावाल्याची ओढायचे. माझ्या साखरपुड्याला आले आणि पेढा हातात धरून माझ्या होणाऱ्या सासूबाईंची पापणी ओढली. "पांढऱ्याफटक आहात. उद्या या." सासूबाई अजून तो विषय काढतात. रक्त खरंच कमी होतं त्यांचं, पण ते त्या सांगत नाहीत.

दवाखान्यात कुणालाही ते नावाने हाक मारत नसत. मी बी पॉझिटिव्ह. झाडणारी शेवंता ओ निगेटिव्ह, म्हणून तिला जरा मान. "ओ निगेटिव्ह, तू जपून राहा, तुझा उपयोग आहे," असं तिला म्हणायचे. मग माझा काय, लोणच्यालाही उपयोग नाही का, असं मनात यायचं. तोंडावर बोलायची टाप नव्हती.

दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि खाली लूमचा, यंत्रमागांचा कारखाना. दिवसभर फरशी थरथरायची, भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. मायक्रोस्कोपखाली पेशी अशा नाचायच्या की मोजायचं म्हटलं तर चक्कर यावी. लोडशेडिंगचे दिवस होते ते. लाइट गेली की सगळी भिवंडी वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडायची, कारण लूम बंद म्हणजे मजुरी बुडाली. टिपणिसांचा चेहरा मात्र खुलायचा. "चला, गाव गप्प झालं. स्लाइडी आणा." खिडकीशी आरशाचा जुना मायक्रोस्कोप ठेवलेला असायचा. उन्हाची तिरीप आरशावर घेऊन ते एकामागून एक स्लाइड वाचत सुटायचे. खाली लूमवाले कपाळाला हात लावून बिड्या ओढत बसलेले आणि वर आमचे साहेब गुणगुणत त्यांच्याच रक्तातला कॅन्सर शोधतायत. मला राग यायचा. पण निदान कधी चुकलं नाही, हेही खरंच.

आता त्या तालमीचं सांगते, कारण टिपणीस म्हणजे ती तालीमच.

कामगारांची एक विमा योजना होती. पगारातून थोडं कापलं जायचं आणि त्यावर कामगाराच्या घरच्यांचा औषधोपचार व्हायचा. त्याच्या आईबापांचाही व्हायचा, पण एका अटीवर. आईबापांना स्वतःचं उत्पन्न नको, ते त्या कामगाराच्याच जिवावर जगत असले पाहिजेत. टिपणीस या योजनेच्या पॅनेलवर होते. ताप-खोकल्याला कुणी काही विचारत नसे. पण रक्ताचा आजार म्हणजे औषध महाग आणि जन्मभराचं. आधी मंजुरी, मग औषध. मंजुरीच्या आधी सुरू केलं तर बिल डॉक्टरच्या बोकांडी. आणि मंजुरी देण्याआधी योजनेचे साहेब घरी चौकशीला येणार. तुमचं कोण बघतं, शेती आहे का, भाडं येतं का, मुलगा खरंच पोसतो का. रक्तातला कॅन्सर काय चौकशी संपेपर्यंत थांबतो? पण हे साहेबाला कोण सांगणार.

एकदा एका लूम कामगाराच्या आईकडे असे साहेब गेले. मुलाच्या जिवावर खातेस का, असं चार शेजाऱ्यांसमोर दरडावून विचारलं. म्हातारी शरमेने तोंडाला पदर लावून गप्प बसली. साहेबांनी लिहिलं, उत्तर देण्यास नकार. मंजुरी गेली आणि तिच्यामागून म्हातारीही गेली. टिपणीस त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं, दुःख झालं. छे! दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "बाई रक्ताने नाही मेली, लाजेने मेली. रक्ताला लाज नसते, मग यांना कशाला हवी? काढली पाहिजे."

तेव्हापासून दर बुधवारी तालीम. योजनेचे सगळे पेशंट बाकावर ओळीने बसलेले, एकेकाने पुढे यायचं. टिपणीस खुर्चीत, पेशंट उभा. "इथे मी साहेब. अरे-तुरे करणार, आईबाप काढणार. रडायचं नाही, चिडायचं नाही. फक्त एक वाक्य बोलायचं." आणि मग त्यांच्या जिभेला जी धार यायची, बापरे! उत्तरेकडच्या एका म्हाताऱ्या लूमवाल्याला म्हणाले, "क्यों रे, हट्टाकट्टा है, बेटे की रोटी तोड़ता है? शरम नहीं आती?" म्हातारा हळूच बोलला, "नहीं आती साब." "जोर से!" "नहीं आती!" बाकावरचे लोक हसले. तो म्हातारा पण हसला आणि मग एकदम रडायला लागला. "नापास," टिपणीस म्हणाले, "पुढच्या बुधवारी."

लोक शिव्या घालत घरी जायचे आणि पुढच्या बुधवारी यायचे. कारण मंजुऱ्या यायला लागल्या होत्या. ते काय नाकारायचं! तालमीत पास झालेला माणूस साहेबापुढे डगमगत नसे.

त्यांचा दुसरा गुण याहून भयंकर. त्यांचा पेशंट गेला की ते सुतकात त्याच्या घरी जायचे. लोकांना वाटायचं, काय देवमाणूस आहे. हे आत जायचे, फोटोला हात जोडायचे आणि विचारायचे, "गोळ्या उरल्यात का?" उरलेल्या पाकिटांचा डबा दवाखान्यातल्या कपाटात असायचा. ज्यांची मंजुरी अडकली असेल त्यांना त्यातून द्यायचे. मेलेल्याच्या गोळ्यांवर किती माणसं तगली देव जाणे. पण बाई हंबरडा फोडते आहे आणि हा माणूस तिच्या नवऱ्याच्या उशाखाली हात घालतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि एक सांगते, म्हणजे माझ्यावर अन्याय केल्याचा आरोप नको. बिलं अडकली म्हणून एकदा मला कागद धरायला योजनेच्या ऑफिसात घेऊन गेले. तिथल्या कालच्या पोराएवढ्या कारकुनाने त्यांना ताटकळत ठेवलं. मग म्हणाला, "अहो, एवढ्या टेस्ट कशाला करता? बोन मॅरो काढल्याशिवाय तुम्हाला झोप येत नाही का?" मी मनात म्हटलं, आता याची सालं निघणार. टिपणीस उभे राहिले, हात जोडले आणि साखरेसारख्या आवाजात म्हणाले, "चूक झाली साहेब. सांभाळून घ्या." चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "बघितलंस, बी पॉझिटिव्ह? पास." घरी आरशासमोर त्यांनी स्वतःची तालीम घेतली असणार, अशी माझी खात्री आहे.

मग हिराजी भोईर आले.

वडपे गावचे. हायवेला लागून त्यांची शेती होती, ती गोडाऊनवाल्यांना विकून झाली होती. पैसा मुलाने गाडीत, बारमध्ये आणि बैलांच्या शर्यतीत घालवला आणि तो सासुरवाडीला जाऊन राहिला. उरल्या दोन खोल्या, पुढे ओटा. हिराजींची विधवा मुलगी यमुना त्यांच्यापाशी राहायची. ती समोरच्याच गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती. म्हणजे बापाच्या शेतावर उभ्या राहिलेल्या पत्र्याखाली लेक ड्युटी करायची. तिच्या पगारातून विमा कापला जायचा, म्हणून हिराजींना औषध मिळण्याची आशा. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर होता. रोज एक गोळी घेतली तर माणूस वर्षानुवर्षं जगतो, नाहीतर वाचत नाही. आणि गोळी यमुनेच्या पगारात बसण्यातली नव्हती.

हिराजी म्हणजे ताठ म्हातारा. पांढरा सदरा, डोक्याला लाल टोपी. बाकावर बसताना आधी रुमालाने बाक झटकायचे.

"बोल," टिपणीस म्हणाले. "कुणाच्या जिवावर जगतोस?"

"मी? कुणाच्या न्हाय."

"लेकीच्या. बोल, मी लेकीच्या जिवावर जगतो."

"डागदर, लेक माज्या घरान ऱ्हाते. मी तिच्या घरान न्हाय ऱ्हात. आमच्यान लेकीच्या घरचं पानी पन पीत न्हाय."

"पाणी नको पिऊस. गोळी खा. बोल."

म्हातारा बोलेना. टिपणिसांनी मग काय काय काढलं! मुलगा कसा निघाला, जमीन कशी गेली, सून कशी बोलते. ही माहिती त्यांनी यमुनेकडूनच काढली होती आणि आता तिच्यासमोरच ती बापाच्या तोंडावर मारत होते. यमुना भिंतीकडे तोंड करून उभी. मी सुई उकळायचं नाटक करत होते, सुया तर कधीच्या एकदा वापरून फेकायच्या आल्या होत्या. "टोपी काढ," टिपणीस म्हणाले. "भीक मागताना टोपी घालतात का?" मला वाटलं आता म्हातारा यांना हाणतो. हाणायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

त्या बुधवारी नापास. पुढच्याही बुधवारी नापास. त्यानंतरच्या बुधवारी यमुना आधी एकटी आत आली आणि म्हणाली, "सर, आज त्याला कायपन बोला, पन बोलवून घ्या. मना बाप पायजे." मग हिराजी आले. टोपी त्यांनी स्वतःच काढली, हातात धरली, आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मी लेकीच्या जिवावर जगतंय. माजं कायपन न्हाय." आवाज एकदम सपाट होता. टिपणिसांनी वाट्टेल ते विचारलं, शिव्या घातल्या, तरी तेच वाक्य.

"पास," टिपणीस म्हणाले. एवढं सुंदर पास कुणी झालं नव्हतं, असंही म्हणाले.

चौकशीला साहेब गेले त्या दिवसाचं यमुनेने मला नंतर सांगितलं. साहेब नवा होता, तरुण होता, आणि काय सांगू तुम्हाला, सज्जन होता. ओट्यापाशी त्याने बूट काढले. वाकून नमस्कार केला. "भोईरदादा, तब्येत कशी आहे? उठू नका, बसा." आणि स्वतः खाली चटईवर बसला.

गेल्या कित्येक वर्षांत त्या ओट्यावर कुणी असं येऊन बसलं नव्हतं. म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. टोपी डोक्यावर चढली. यमुनेला हाक गेली, "च्या टाक गो! दुधाचा टाक! आन् दुकानातशी थंडा आन साहेबाला!" यमुना दारात उभी राहून डोळ्यांनी खुणावतेय, वाक्य आठवा, वाक्य आठवा. कोण बघतंय!

"छान गाव आहे दादा," साहेब म्हणाला. "ही गोडाऊनं कुणाच्या जागेवर?"

"आमच्याच की," हिराजी म्हणाले. "हितशी त्या टॉवरपत्तुर सगला आमचाच शेत."

"असं? मग यमुनाताई नोकरी कशाला करतात?"

म्हातारा हसला. "हौस हाय पोरीला. घरान बसून तरी काय करंल?"

साहेबाने चहा घेतला, थंडाही घेतला. जाताना म्हाताऱ्याच्या पाया पडला. आणि ऑफिसात जाऊन त्याने ऐकलं ते लिहिलं. त्याचं तरी काय चुकलं?

मंजुरी नाकारल्याचं कळलं तेव्हा हिराजी आणि यमुना दोघंही दवाखान्यात होते. टिपणिसांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "हौस!" म्हणाले. "पोरीला हौस! मग मरा आता हौसेने."

यमुना फटकन रडायला लागली. हिराजी मात्र शांत होते. म्हणाले, "डागदर, तुमी शिकवलंत ता मना पाठ व्हता. त्याने शिवी दिली असती तर मी बोललो असतो. पन तो माज्या घरी आलता. चपला काढून बसला. घरी आलेल्या मानसाफुडं हात कसा पसरू?"

खाली लूम धडधडत होते, कॅलेंडर हलत होतं. टिपणीस मला म्हणाले, "पुढचा पेशंट."

जमीन विकल्याचे दाखले जोडून अपील केलं. टिपणीस त्यासाठी स्वतः तीनदा ऑफिसात जाऊन हात जोडून आले. फुकट औषध देणाऱ्या एका ट्रस्टलाही लिहिलं, तिथेही पहिला प्रश्न जमिनीचाच. यमुनेने कर्ज काढून एक पाकीट विकत आणलं. ते संपत आलं तशी ती दवाखान्यात धावत आली. "सर, तो डबा... त्याच्यान काय हाय का?"

टिपणिसांनी कपाट उघडलं, डबा उघडला, तिला आतून दाखवला. "नाही," म्हणाले. "सध्या कुणी मेलं नाही."

अहो, असं बोलतात का? दुसरं काही सुचलं नाही या माणसाला? मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडावर बोलले, "सर, जिभेला काही हाड?" ते म्हणाले, "खोटं बोललो का?" खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती.

हिराजींचा आजार गोळी थांबल्यावर झपाट्याने वाढला. शेवटी शेवटी ते ओट्यावरही येत नव्हते. अपील मंजूर झालं, हो, झालं ना! हिराजींचं बारावं झाल्यावर झालं.

टिपणीस त्यांच्या घरी गेले नाहीत. तो एकच पेशंट, ज्याच्या घरी ते गेले नाहीत. यमुनाच आली. टिपणीस मान वर न करता म्हणाले, "गोळ्या उरल्यात का?" सवयच ती.

तिने मूठ उघडली. पाकिटाचा फाटका तुकडा, दोन गोळ्या. "पाकीट सरताना शेवटच्या दोन त्याने घेतल्या न्हाय. बोलला, कुनाला लागतील." तिने तो तुकडा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "सर, तुमी माज्या बापाला शिव्या खायाला शिकवलंत. कुनी मानाने वागला तर काय करायचा, ता न्हाय शिकवलंत."

ती गेली. टिपणिसांनी तो तुकडा डब्यात टाकला. मला वाटलं, आता तरी हा माणूस वरमेल, तालीम बंद करेल.

पुढच्या वर्षी मला कल्याणच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. माझा शेवटचा दिवस बुधवारच होता. मे महिना, लाइट गेलेली, पंखे बंद, खाली लूम बंद. लक्ष्मव्वा नावाची एक तेलुगू म्हातारी आली होती, मुलगा लूमवर होता. ती दारात आली आणि टिपणीस खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांत मी त्यांना पेशंटसाठी उठताना पाहिलं नव्हतं.

"या आई," ते म्हणाले. आवाज तोच, ऑफिसातला, साखरेचा. "बाहेर बहुत धूप है ना? बैठिए." त्यांनी खुर्ची ओढून दिली. माठातलं गार पाणी ग्लासात भरून पुढे केलं. "पोते कैसे हैं?"

म्हातारी बसली, घटाघटा पाणी प्याली, पदराने तोंड पुसलं आणि फुलली. "अच्छे हैं बेटा. मेरा लडका बहुत गुणी है. गाव में घर बांधा..."

"संपलं," टिपणीस म्हणाले. "मेलीस. बाहर जाओ, फिर से आओ."

तिला काही कळेना. त्यांनी समजावलं, पुन्हा बाहेर पाठवलं. ती पुन्हा आली, पुन्हा बसली, पुन्हा मेली. मी माझी पिशवी भरत होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. शिव्या परवडल्या, ही खुर्ची नको, असं झालं मला.

शेवटी ती आली आणि दारापाशीच थांबली. टिपणिसांनी खुर्ची ओढली. ती बसली नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे धरला. घामाने तिचं ब्लाउज चिंब झालं होतं, तिने ओठांवरून जीभ फिरवली, ग्लासाकडे बघितलं आणि हात मागे घेतले.

"मेरा कुछ नहीं है साब," ती म्हणाली. "बेटे का खाती हूं."

टिपणिसांनी ग्लास तसाच धरून ठेवला. तिने घेतला नाही.

"शाब्बास," ते म्हणाले. "अब जिओगी."

म्हातारी न पिता निघून गेली. मी निरोप घ्यायला पुढे झाले, तेव्हा भरलेला ग्लास टेबलावर होता आणि टिपणीस पुढच्या पेशंटसाठी खुर्ची रुमालाने झटकत होते.